दुसऱ्या टाकीतला

"खोटं वाटत असेल तर आत्ताच उठा," काळाचौकीच्या चाळीत गॅलरीतला दिवा मालवत गणपतकाका मंडळाच्या पोरांना म्हणाले. "माझ्या सख्ख्या पुतणीच्या, मेघनाच्या, जिवावर बेतलेली गोष्ट आहे."

दोन वर्षांपूर्वीचा मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार. रात्रीचे सव्वानऊ. मेघनाने उपास सोडला आणि नवऱ्याचा डबा घेऊन ती चिंचपोकळीच्या रंगाच्या कारखान्याकडे निघाली. वैभव तिथे वेल्डर. ती स्वतः एका कंपनीत सेफ्टीचं बघायची. तिला विचारल्याशिवाय घरात सिलिंडरची नळीसुद्धा कोणी बदलत नसे.

कारखान्यात थिनरच्या दोन टाक्या, मधे जाडजूड पाइप. पहिलीला चीर गेलेली. ती धुऊन झाली होती आणि वैभव वेल्डिंगचं मशीन लावायच्या बेतात होता.

"दुसरी धुतली?" मेघनाने विचारलं.

"ती रिकामीच आहे हो वहिनी," मालक दीपकशेठ हसले. "चार महिन्यांत झाकण उघडलेलं नाही."

"रिकामी कसली, वाफेने भरलीय! तीच वाफ पाइपातून इकडे येते. इथे भडका उडाला की तो आधी तिकडची वाफ दाबणार, मग पेटवणार. दुसरा स्फोट पहिल्याच्या कितीतरी पट. आधी मधला पाइप बंद करा."

"उगाच फाटे फोडू नका. सकाळी माल भरायचाय. वैभव, लाव रे."

वैभव घुटमळला. मेघना सरळ पहिल्या टाकीला पाठ लावून उभी राहिली.

"लाव. आधी मला वेल्ड कर."

तेवढ्यात... ठक्.

दुसऱ्या टाकीतून.

"उंदीर असेल," शेठ म्हणाले.

ठक्. ठक्.

शेठ मागे सरकले. "वीस वर्षं झाली... आमचा कामगार विल्फ्रेड, खाकी शर्टातला, त्या टाकीत सफाईला उतरला होता. इकडे वेल्डिंग सुरू केलं..."

"कोणी?"

शेठ स्वतःच्या हातांकडे बघू लागले.

घाबरली होती आमची मेघना, पण हटली नाही. "जिवंत माणसाचं ऐकत नव्हतात ना? आता त्याचं ऐका. आज इथे ठिणगी पडणार नाही."

वेल्डिंगची केबल गुंडाळून तिने खांद्यावर टाकली आणि वैभवला घेऊन घरी आली.

सकाळी तिच्या देखरेखीखाली दुसरी टाकी उघडली. बोल्ट गंजलेले. तेल घालून तासभर लागला.

आत कोणी नव्हतं.

फक्त पाइपाच्या तोंडात... आतल्या बाजूने... एक खाकी शर्ट कोंबलेला. गच्च.

घामाने ओला.