कोडमध्ये नसलेला चौकोन

फैजपुरात पंपदुरुस्तीच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर रुपचंद महाजनाचा संगणकाचा क्लास होता. नव्व्याण्णव सालची गोष्ट. या रुपचंदाला साऱ्या खानदेशात एकाच माणसाची अक्कल मान्य होती, आणि तो माणूस रोज सकाळी त्याच्याच आरशात भांग पाडायचा. केळीवाले त्याला गाढव वाटत, शिकायला येणारी पोरं मठ्ठ, आणि सातपुड्यातल्या पाड्यांवरची माणसं तर त्याच्या लेखी माणसंच नव्हती.

वैशाखातली दुपार होती. रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. खिडकीला ओलं गोणपाट टांगून खोलीत अंधार केलेला, कूलर घरघरत होता. यावलच्या बसनं नर्स कुंदाबाई आली होती. तिला दवाखान्याच्या डॉक्टरनं पाठवलं होतं. हिवाळ्यात त्यांनी डोंगराकडच्या एका गावी बायांच्या नसबंदीचं शिबिर घेतलं, त्यात गुंताबाई नावाची बाई दगावली. आता चौकशी येणार होती, आणि संमतीचे कागद तर कुणी घेतलेच नव्हते. ते मागाहून तयार करायचं काम रुपचंदानं हसत हसत घेतलं होतं.

त्यानं पीडीएफचा फॉर्म बनवला. त्यातला चौकोन स्वतः कोड लिहून घडवला: त्याची जागा, रिकामा असतानाचं रूप, खूण असतानाचं रूप. माउसनं टिचकी मारली की खूण उमटायची, पुन्हा मारली की जायची. पुढे शब्द, ‘संमती आहे’.

“आन कोनाले नाही म्हनायचं असलं तर?” कुंदाबाईनं विचारलं.

“ताई, म्हशीला कुणी विचारतं का, दूध काढू का म्हणून? कोडमध्येच लिहून ठेवलंय. फॉर्म उघडला की खूण केलेलीच दिसणार. छापून झाले की खाली अंगठे कुणाचेही उठवा.”

ती नावं सांगत गेली, तो टाइप करत गेला. गुंताबाईचं नाव आलं तशी ती थांबली.

“हिचा कागद राहू द्या, भाऊ. मी व्हती ना तठी. ती नाही म्हनत व्हती. टेबलावरून उतरून चालली व्हती... आम्हीच तिचे हात दाबून धरले.”

“मेलेल्या बाईचं कसलं हो आणि कसलं नाही?” म्हणत त्यानं नाव टाकलं.

चौकोनातली खूण गेली.

रुपचंदाचा हात माउसवर नव्हता. त्यानं टिचकी मारली. खूण आली, आणि त्याच्या डोळ्यांदेखत पुन्हा विरली. भंगार मशीन म्हणून शिवी हासडत त्यानं कोड उघडला. तिथं ‘हो’च होतं. मग त्यानं चौकोनाला कुलूप घातलं, म्हणजे कुणी कितीही टिचक्या मारल्या तरी तो बदलू नये असं कोडमध्ये लिहिलं. फॉर्म परत उघडला.

चौकोन रिकामाच. आणि त्याच्या शेजारी दुसरा चौकोन होता. त्याच्यापुढे एक अक्षर नव्हतं, पण आत ठसठशीत खूण होती.

रुपचंदानं कोड वरपासून खालपर्यंत चाळला. चौकोन एकच होता.

तेवढ्यात वीज गेली. कूलर थांबला, यूपीएसवर संगणक तेवढा उजळत राहिला. त्या शांततेत बाहेरच्या लोखंडी जिन्यावर अनवाणी पावलं वाजली. हळू... जडशी... पोट धरून चढावं तशी. खोलीत स्पिरिटचा वास आला, आणि त्यामागून मोहाच्या फुलांचा.

“भाऊ...” कुंदाबाई भिंतीला टेकली.

“गप्प बसा. दाराला आतून कडी आहे.”

पावलं दाराशी थांबली नाहीत. त्याच्या खुर्चीमागे येऊन थांबली.

मग त्याची दोन्ही मनगटं कुणीतरी खुर्चीच्या हातांवर दाबून धरली. गार, खरखरीत हात. तिसरा हात खांद्यावर आला, चौथा कपाळावर. दिसत काहीच नव्हतं.

“नको...” तो म्हणाला. “नाही... सोडा... नाही म्हणतोय ना!”

कुणी सोडलं नाही. त्यानं नाही, नाही म्हणून टाहो फोडला, आणि कुंदाबाई डोळे मिटून रडत राहिली, कारण हाच आवाज तिनं हिवाळ्यातही ऐकला होता. वीज आली तेव्हा कुठे त्याचे हात सुटले.

कुंदाबाई तशीच उठली आणि यावलच्या पोलीस ठाण्यात जाऊन शिबिरात घडलं ते सारं सांगून आली. डॉक्टरला धरून नेलं. तिची नोकरी गेली, पण ती जबानीवरून हलली नाही.

रुपचंद मात्र दुसऱ्या दिवशी भांग पाडून हजर. उन्हानं बाईचं डोकं फिरलं, असं त्यानं खालच्या दुकानदाराला सांगितलं, आणि वर येऊन मॉनिटरवरचं फडकं ओढलं.

बंद पडद्यावर निळ्या शाईचा अंगठा उमटला होता. त्यानं फडक्यानं पुसला, मग थुंकी लावून, मग दुकानातून थिनर आणून घासला. तो जाईना. नाक काचेला लावून पाहिलं तेव्हा कळलं, अंगठा काचेच्या आतल्या बाजूला होता. आणि शाई ओली होती. हळूहळू खाली ओघळत होती.