एक टाइल कमी

ती हिरवी काच बघू जरा. हो, तुमच्या हातातलीच. जिन्याखालच्या खोक्यातून काढलीत ना? वाटलंच मला. ठेवा ती खाली आणि बसा इथं माझ्याजवळ. दिवे काही इतक्यात येत नाहीत. दुकानदार वर गेलाय बघायला, आणि आपल्याला हा एवढासा दिवा देऊन गेलाय सोबतीला. तळघरातलं दुकान, भरदुपारी काळोख! माल एक नंबर ठेवतो हो, पण उजेडाच्या नावानं बोंब.

हळू बोलते हं मी. माझी बहीण पलीकडच्या रांगेत आहे, पोर्सिलेनच्या मोठ्या टाइल्स बघतेय. दिवे गेले तरी तिचं बघणं काही थांबलेलं नाही.

मीसुद्धा बाथरूमसाठीच आले होते इथं, तुमच्यासारखीच हौसेनं. म्हणजे हौस कसली, गरजच होती. बहीण माझी धाकटी. घरात सगळे तिला बारकी म्हणतात. मागच्या वर्षी तिला अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू गेली, वाचा गेली. दवाखान्यात नुसती पडून असायची आणि डोळ्यांनी मला शोधायची. डावा हात तर मुटका होऊन बसला होता, बोटं आत वळलेली, अंगठा त्यांच्याखाली दाबलेला. खांद्यात थोडा जोर उरला होता, तेवढ्यावर तोच मुटका ती खाटेच्या दांड्यावर आपटायची मला बोलवायला. टकटक... टक. दोनदा पटकन, मग जरा थांबून एकदा. मी बाहेर चहा घेत असले तरी मला तो ऐकू यायचा. वैतागायचे मी, खोटं कशाला बोलू. पण तो आवाज आला नाही की जीव थाऱ्यावर राहायचा नाही.

हळूहळू वाचा आली. पाय उचलायला लागली. मुटका मात्र उघडला नाही. डॉक्टर म्हणाले, तो असाच राहणार. मी तिला माझ्या घरी आणलं. पण आमचं बाथरूम म्हणजे नुसती घसरगुंडी! म्हटलं, सगळं उपटून काढायचं. खाली खरखरीत पोर्सिलेन, धरायला दांडा, बसून अंघोळ करायला स्टूल, आणि भिंतींना साध्या पांढऱ्या टाइल्स. नवऱ्याला विचारून काही उपयोग नव्हता, त्याला पांढरा, पिवळा, बदामी सगळं एकच दिसतं.

दुकानात बारकीलाही आणलं होतं, चार माणसांत येऊ दे म्हणून. मी पांढऱ्याचा भाव करतेय, तर ही जिन्याखाली खोक्याशी उभी. हातात हिरवी काच. तळ्यात खाली बघितल्यावर दिसतो ना, तो हिरवा. म्हणाली, "ताई, मला ही."

आजारपणानंतर तिनं पहिल्यांदा काहीतरी मागितलं हो. मी नाही कशी म्हणणार?

दुकानदारानं नळाच्या भिंतीची मापं बघितली, खोकी मोजली आणि म्हणाला, "एक कमी पडेल फक्त. पण चालतं." मी विचारलं, "आणखी मागवता नाही येणार?" तर म्हणे, हा माल कारखान्यातला नाही. कुणाच्या तरी घरी लावलेल्या होत्या, त्यांनी भिंत काढली, माल परत आला. परत आला तोही एक कमीच होऊन. "लावलेली भिंत कशाला काढली?" मी विचारलं. तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

मिस्त्री आमचा तसा गुणी, पण तोंडाळ. खोकी बघून म्हणाला, "बाई, काच कधी मोजून घेतात का? चार तरी जास्तीच्या पाहिजेत. एखादी फुटली तर तीच शेड जन्मात मिळणार नाही." मी म्हटलं, "भावड्या, आता आणल्यात त्या लाव." त्यानं भिंत लावली. सुरेख लावली. खाली नळाजवळ एका टाइलची जागा तेवढी मोकळी राहिली, आत करडं प्लास्टर. त्यानं त्या मापाचा पांढऱ्या पोर्सिलेनचा तुकडा कापून ठेवला, पण बारकी लावू देईना. म्हणे, "विजोड दिसेल. मिळेल काचेचीच." तुकडा राहिला खिडकीत, टाइल चिकटवायच्या उरलेल्या पांढऱ्या मसाल्याची पिशवी राहिली दाराशी.

आता ऐका नीट. पोर्सिलेनच्या पाठीमागं काय आहे ते दिसत नाही. काचेच्या मागचं दिसतं. म्हणून काच लावताना मिस्त्री मसाला अगदी घोटून सपाट करतो, नाहीतर थापीच्या रेघा पुढून दिसतात. आमच्या भिंतीत रेघा दिसायला लागल्या. वरच्या ओळीत, छताजवळ. चार रेघा शेजारी शेजारी, आणि एक जरा बाजूला. मी मिस्त्रीला फोन करून फैलावर घेतलं. तो आला, स्टुलावर चढला, बघितलं. मग म्हणाला, "बाई, मी घोटलं होतं. आईशप्पथ घोटलं होतं. आणि या रेघा थापीच्या नाहीत."

त्यानं आपला हात काचेवर ठेवला. चार बोटं आणि अंगठा. नेमके बसले.

पुन्हा काही तो आत आला नाही. पैसे दारातूनच घेऊन गेला. छिन्नी विसरला गडबडीत, ती मी उचलून ठेवली.

मी मनाची समजूत घातली, कामाच्या वेळी हात लागला असेल त्याचाच. पण पुढच्या आठवड्यात रेघा एक ओळ खाली होत्या. मग आणखी खाली. रोज नाही सरकायच्या, पण मी पाठ फिरवली की... आणि हो, त्या भिंतीच्या मागं काही नाही बरं का. खोली नाही, शेजार नाही. आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो, मागं उघडी हवा. मी गच्चीतून वाकून बघितलं, बाहेरून साधी कोरडी भिंत आहे. आणि बाथरूममध्ये मात्र वास सुटलेला, फुलदाणीत आठवडाभर राहिलेल्या पाण्याचा असतो तसा.

बारकीला मी बोलले नाही. कशाला घाबरवायचं? पण तीच एकदा म्हणाली, "ताई, त्या मोकळ्या जागेतून गार हवा येते. हात धरला की बरं वाटतं." मी म्हटलं, "हवा कुठून येणार, वेडाबाई? आत प्लास्टर आहे." ती हसली. "येते ना पण... थांबून थांबून येते."

थांबून थांबून. मला ते रात्रभर सोडेना. दुसऱ्या दिवशी मी तिला बजावलं, स्टूल त्या भिंतीपासून लांब ठेवायचं. ती हो म्हणाली. तिचं हो म्हणजे लहानपणापासून नाहीच.

ती सकाळ... मी स्वयंपाकघरात होते. नळ फार वेळ वाहतोय असं वाटलं. हाक मारली, तरी नळ वाहतच राहिला. दाराला कडी घालायची नाही असा मी नियम केला होता, म्हणून ढकलून आत गेले. बारकी स्टुलावरून खाली बसलेली, गाल भिंतीला टेकलेला. डावा हात त्या मोकळ्या जागेत. मनगटापर्यंत नाही हो... कोपरापर्यंत. जिथं बोटभर जाडीचंसुद्धा भोक नाही तिथं.

तिच्या तोंडातून शब्द फुटत नव्हता. उजव्या हातानं ती फरशीवर टकटक करत होती. दोनदा... मग एकदा. आणि काचेमागची ती बोटं अगदी तिच्या दंडाशी आली होती. ती वळत होती, मी बघितलं माझ्या या डोळ्यांनी. मिटत होती.

मी तिला कवेत धरलं आणि ओढलं. आतून कुणीतरी ओढत होतं. मी किंचाळले, देवाचा धावा केला, शिव्या दिल्या, काय काय बोलले आठवत नाही. एकदम सुटली. आम्ही दोघी मागं पडलो.

मी उठले ते वेड्यासारखी. पिशवीतला मसाला पाण्यात कालवला, पोर्सिलेनचा तो तुकडा घेतला आणि दोन्ही हातांनी जागेवर दाबला. आत प्लास्टर होतं, नुसतं कोरडं प्लास्टर. बारकी भिंतीला टेकून शांत बसली होती. अंग ओलंचिंब, आणि डावा हात मात्र कोरडा ठणठणीत. मी तुकडा धरून होते, तर म्हणाली, "घट्ट दाब, ताई."

मी घट्ट दाबला.

मग तिनं केसांवरचं पाणी निपटलं. दोन्ही हातांनी.

घरात आनंदीआनंद झाला. डॉक्टर बोटं उघडमीट करून बघत राहिले, म्हणाले, असं आम्ही पाहिलं नव्हतं. नवऱ्यानं पेढे वाटले. मी रडले आनंदानं. रेघाही गेल्या होत्या भिंतीतून, पार गेल्या. बारकी घरात भराभर कामं करायला लागली. झोपेत मात्र कधी कूस बदलत नाही. लहानपणच्या गोष्टी काढल्या की हसते, पण मी हसल्यावर. आणि त्या बाथरूमची पायरी काही चढत नाही. म्हणे, "काच नको वाटते. सगळं दिसतं त्यात."

मागच्या आठवड्यात मी भिंत पुसायला गेले. पोर्सिलेनच्या तुकड्याशेजारची काच पुसली, डाग जाईना. वाकून बघितलं. आतून होता.

रेघा नव्हत्या या वेळी. गोल ठसा होता. बोटं आत वळलेली, अंगठा त्यांच्याखाली दाबलेला.

मी तिथंच बसले. आणि मग त्या पांढऱ्या तुकड्यामागून, मी माझ्या हातांनी घट्ट दाबलेल्या तुकड्यामागून... टकटक... टक.

बाई, मी ती टकटक ओळखते हो. दवाखान्यात चार भिंतींतून ओळखायचे. माझी बारकी आत आहे, ती मला बोलावतेय.

कालपासून ही, पलीकडच्या रांगेतली, मागं लागलीय, त्या भिंतीवर वरून मोठ्या पोर्सिलेनच्या टाइल्स लाव. जाड, सांधे नसलेल्या. नवा मिस्त्री उद्या येतोय. म्हणून तर आलोय इथं. पण ही पर्स बघा, हात घाला, लागली ना? मिस्त्री विसरला ती छिन्नी, घरी हिच्या हाती लागू नये म्हणून बरोबर आणलीय. घरी गेल्या गेल्या मी तो तुकडा फोडणार. भीती वाटते मला, फार भीती वाटते, म्हणून तर आठवडा गेला. तुकडा काढला आणि बारकीच्या आधी दुसरंच काही बाहेर आलं तर? पण उद्या ती भिंत बंद झाली, तर तिची टकटक ऐकायला पण मिळायची नाही. काहीही होवो, आज...

"ताई, झालं का?"

आली. गप्प.

"कुणाशी बोलतेस गं अंधारात?"

"अगं, या बाई पण बाथरूमसाठी आल्यात. चाललंय आपलं इकडचं तिकडचं. तुझं झालं बघून?"

"झालं. ही घेऊ. बघ, केवढी जाड आहे. मागचं काही म्हणजे काही दिसणार नाही. पर्स आण ती इकडे, जड दिसतेय."

"राहू दे गं. डाव्या हातानं कशाला उचलतेस, दुखेल हात..."

"आता नाही दुखत. तूच तर बरा केलास. सोड ना, ताई. सोड. हं... अहो, ती हिरवी काच खाली का ठेवलीत? घ्या की. तुमच्या भिंतीला छान दिसेल. एक कमी पडेल फक्त. पण चालतं."