टेबलावर घ्या

ये, बस प्रीती. त्या खुर्चीचा एक पाय लंगडा हाय, मागं रेलू नको. तुला या आरोग्य केंद्रात ऑपरेटर म्हणून येऊन तीन दिवस झाले न्हाईत, आन् उद्याच्या धाराशिवच्या मीटिंगचं पीपीटी डॉक्टर साहेबांनी तुझ्या गळ्यात मारलं बी. मारणारच. दोन टेबलं आन् एक चार्ट, मी दाखवते. हसू नको गं, बावन्न वर्षांची ही वर्षाराणी सिस्टर काय शिकवणार म्हणून. मी इथंच बसून, एकटीनं, पुस्तक पुढ्यात धरून शिकलेय. कशी शिकले ते बी सांगते. घाबरट असशील तर आधीच सांग.

इन्सर्टमधी जा. टेबल घे. वर महिने लिही, मागच्या जूनपास्नं या मेपर्यंत. डावीकडं खाली खाली जन्म, बालमृत्यू, मातामृत्यू. हां, हात चांगला बसलाय तुझा. मातामृत्यूच्या रांगेत साहेबांनी काय लिहायला सांगितलंय? सगळीकडं निरंक. बरं, लिही. शाळेत शून्य म्हणतेत, सरकारी कागदावर निरंक म्हणतेत. म्हंजे सांगण्यासारखं काही घडलंच न्हाय.

आता टेबलाचं ऐक. आमच्या नर्स लोकांत टेबल म्हणलं की ते न्हवं, तू काढलंस ते. आमचं टेबल त्या पलीकडच्या खोलीतलं, बाळंतपणाचं. कळा आल्या की आमी म्हणतो, टेबलावर घ्या. एकदा टेबलावर घेतली की बाईचं नाव रजिस्टरला चढलं. मग जगली तरी आपली आन् मेली तरी आपली.

मागच्या जूनमधी गायत्री आली होती. बावीस वर्षांची, कर्नाटकाच्या शिवेवरची, मला अक्का म्हणायची. सगळ्या अंगावर सूज, डोळ्यांपुढं अंधारी. बीपी बघितलं, लई चढलेलं. झटका थांबवायचं इंजेक्शन कपाटात होतं, दहा पावलांवर. मी किल्ली काढली, तर साहेब दारात उभं. म्हणले, "टेबलावर घेऊ नका सिस्टर. आपल्या नावावर येईल. पुढं पाठवा."

दोन वर्षं सलग निरंक होतं न्हवं! तिसऱ्या वर्षी जिल्ह्याची बक्षिसाची ढाल मिळणार होती. त्या पोरीनं माझं मनगट घट्ट धरलेलं. "अक्का, टेबलावर घ्या की... अक्का, घ्या की ओ..." आन् मी तिची बोटं एकेक करून सोडवली. व्हय, मीच. साहेबांनी सांगितलं, पण बोटं मी सोडवली.

अँब्युलन्सनं तामलवाडी ओलांडली आन् तिला झटका आला. पोटातल्या लेकरासकट गेली. सोलापूरच्या मोठ्या दवाखान्यातले म्हणले, मेलेलीच आणली, आमच्यात धरू नका. आमचं साहेब म्हणले, तामलवाडीच्या पुढं जिल्हा संपला, आमच्यात बी न्हाय. वर मला काय म्हणतेत? "सुंठीवाचून खोकला गेला, सिस्टर." जीभ कशी झडली न्हाय मेल्याची! तिची सासू इरम्मा महिनाभर हेलपाटे घालत होती. दुसरं काही मागत न्हवती. "पोरीचं नाव कुठं लिवलंय, तेवढं दावा," म्हणायची. काय दावू? मी निरंक लिहून मोकळी झाले होते.

टेबल झालं? आता चार्ट घे. उभ्या खांबांचा. थांब, घाई नको, आधी माझं ऐकून घे.

फेब्रुवारीत आधीचा ऑपरेटर सोडून गेला आन् पीपीटी माझ्यावर आलं. मीटिंग सोमवारी. म्हणून रविवारी सराव करायला आले. भर दुपार, बाराचा सुमार. ओपीडी बंद, चिटपाखरू न्हाय. बाळंतपणाच्या खोलीला कुलूप, किल्ली माझ्या कमरेला. तुझ्यागत मी पण टेबल केलं, सगळीकडं निरंक लिवलं. चार्ट घेतला. ती आकड्यांची छोटी शीट उघडती बघ, तिच्यात बी निरंकच. निरंक असलं की खांब उगवत न्हाय, तळाला सपाट राहतं.

तर जूनवर खांब उभा राहिला. एक.

मला वाटलं, माझंच काही चुकलं. नवशिकी मी. शीटमधी बघितलं, निरंक. ते पुसून शून्य टाकलं. खांब तिथंच. चार्टच काढून टाकला, नवा घेतला. खांब तिथंच. तवा वास आला. ओल्या कापसाचा, रक्ताचा, तीस वर्षं नाकात बसलेला वास. पण त्या खोलीत आठ दिवसांत बाळंतपण झालं न्हवतं. मग पलीकडं लोखंड कुरकुरलं. टेबलावर बाई चढताना पायरी कुरकुरती ना, तसं. एकदा... मग जरा थांबून दुसऱ्यांदा...

कुलूप तर बाहेरून दिसत होतं मला. मी हलले न्हाय. हलवेनाच.

"अक्का..." भिंतीपलीकडून. लई हळू. "अक्का, टेबलात घ्या की..."

नीट ऐकलंस? टेबलावर न्हाय. टेबलात.

मी डोळं मिटून म्हणलं, "बाई, माझ्या हातात काय हाय गं? साहेब नोकरी घालवतील."

लोखंड गप झालं. डोळं उघडलं तर जूनचा खांब गेलेला. आन् फेब्रुवारीवर उभा राहिलेला. त्या महिन्यात एक बी बाई दगावली न्हवती. पण महिना संपायला बारा दिवस होते, आन् माझी करिश्मा, माझी एकुलती एक लेक, नववा लागून माझ्या घरात निजली होती.

मला कुणी समजावून सांगायची गरज राहिली न्हाय. मी जूनखाली एक लिवलं. फेब्रुवारीचा खांब बसला. वास गेला. मी कॉम्प्युटरपुढंच डोकं टेकून ढसाढसा रडले आन् म्हणलं, गायत्री, घेतलं बाई तुला, घेतलं.

सोमवारी गाडीत साहेबांनी लॅपटॉप उघडला. "हे काय? हा एक कुणाचा?" मी सांगितलं. साहेब हसले. "सिस्टर, पेन्शनला किती राहिलं तुमचं? खोडा."

आन् मी खोडलं, प्रीती. लेक घरात निजलेली असताना, सगळं ठाऊक असताना खोडलं. भ्याले. पेन्शनला भ्याले, मेलेलीला भ्याले न्हाय.

मीटिंगमधी भिंतीवर चार्ट आला, फेब्रुवारीवर एक. साहेब म्हणले, टायपिंग मिस्टेक. तेवढ्यात साहेबांचा फोन वाजला. इथली नवी नर्स होती. शेजारीच बसलेले, मला सगळं ऐकू येत होतं. करिश्माला झटका आलाय, काय करू? साहेबांनी कुणाची लेक हे विचारलंच न्हाय. "टेबलावर घेऊ नका," म्हणले, "पुढं पाठवा."

मी त्यांच्या हातातून फोन ओढला, किंचाळले, तवर गाडी सुटली होती. तामलवाडीच्या पुढं दोन किलोमीटरवर गेली.

तिचं बी निरंकच झालं. बघ की, फेब्रुवारीच्या खाली तूच आत्ता लिवलंस. तुझा दोष न्हाय, तुला काय ठाऊक?

त्या दिवसापास्नं लोक विचारतेत, वर्षाराणी, बदली का मागत न्हाईस? मी म्हणते, मन रमलंय. मन कसलं रमतंय! मी वाट बघत होते. साहेबांची लेक पुण्यावरनं गेल्या आठवड्यात माहेराला आली, पहिलं बाळंतपण. मला म्हणले, "सिस्टर, तुमच्यासारखा अनुभवी हात न्हाय, तुम्हीच लक्ष ठेवा." ठेवते की. लई लक्ष ठेवते.

म्हणून म्हणलं, लिही निरंक. एका अक्षरानं अडवलं न्हाय तुला. करावं तसं भरावं. त्यांना बी कळू दे, किल्ली हातात असून दहा पावलं कशी लांब पडतेत ते.

हां, आता दाब. येऊ दे चार्ट.

आला वास? नाकाला पदर लावू नको, बसून राहा. पलीकडं कुरकुरतंय ते ऐकू नको, तिकडं बघूच नको. मे महिन्यावर बघ. उगवतोय बघ खांब. वाढ गं माझी बाई, वाढ. झाला एक. बास. आता थांब...

थांब की.

हा वर का चाललाय? दोन? दोन कसं? त्यांची लेक तर एकच हाय... अगं बाई. दोघींना खोडलंय की आपण. गायत्रीला बी आन् करिश्माला बी. दोघी आपापलं मागायल्यात. पण गावात दुसरी कुणीच पोटुशी न्हाय, माझं रजिस्टर मला तोंडपाठ हाय...

प्रीती, तू अशी पांढरी का पडलीस? पोटावरचा हात काढ जरा. इकडं बघ माझ्याकडं. कितवा लागलाय गं तुला?