शांभवी सिस्टरविरुद्ध तक्रार

वॉर्डच्या दारातच टक्कर झाली. प्रसेनजीतच्या हातातला डबा कलंडला आणि समोरच्या नर्सच्या पांढऱ्या साडीवर आमटी उडाली.

"डोळं कुठं हायत, पावणं?"

"तुमच्याकडंच..." तो बोलून गेला आणि कानापर्यंत लाल झाला.

साल अठ्ठ्याण्णव. उचगावच्या प्रसेनजीतची आई, आक्काताई, खुब्याच्या ऑपरेशनसाठी कोल्हापुरात दवाखान्यात होती. कारखान्यातली पाळी संपली की तो धावतच यायचा... आईसाठी, असं तो म्हणायचा.

ऑपरेशननंतर दोन दिवसांनी मात्र त्याचं डोकं फिरलं. आई वॉकर धरून रडत होती आणि तीच नर्स, शांभवी सिस्टर, खेकसत होती, "रडायचं न्हाय आक्का! अजून दोन पावलं!"

"माणूस हाय का दगड?" म्हणत त्यानं थेट हेड सिस्टरकडं लेखी तक्रार दिली.

परत आला तर आई कौतुकात रंगलेली. "लई गुणाची पोर! सकाळी केस धुतलं माझं. घास भरवला. पाय तर असं हळू पुसती..."

"मग वरडत का हुती?"

"पडून ऱ्हायले तर उठायचीच न्हाय म्हणं मी. तिची आई तशीच गेली रं. मला चालवलं आन् खिडकीपाशी जाऊन डोळं पुसत हुती."

प्रसेनजीत हेड सिस्टरच्या ऑफिसकडं पळत सुटला. आत शांभवी मान खाली घालून उभी होती.

"चूक माझी हाय!" तो सगळ्यांसमोर म्हणाला. "मला नुसता आवाज ऐकू आला, माया दिसलीच न्हाय." आणि टेबलावरचा कागद उचलून त्यानं टराटरा फाडला.

शांभवीनं वर बघितलं. डोळे भरलेले — पण ओठांच्या कोपऱ्यात हसू!

आठवड्यानं घरी सोडलं. आई रिक्षात बसली, हा मात्र पायरीवरच घुटमळला.

"काय विसरलंय का?" शांभवीनं विचारलं.

"न्हाय... म्हणजे — तुमच्या घरी आलो तर चालंल? मागणी घालायला?"

तिनं हातातली फाईल छातीशी धरली. "घरी कन्नड बोलत्यात. जात बी निराळी. अप्पा लगेच ऐकायचे न्हाईत."

"वर्षभर येत ऱ्हाईन की! पण तुम्ही आधी सांगा... मी आवडतो का?"

ती लाजली. नजर चुकवत हळूच म्हणाली, "बन्नी."

"म्हणजे?"

"म्हणजे — या!" म्हणत ती जिन्याकडं पळाली. वळणावर थबकली आणि सारा दवाखाना ऐकेल अशी ओरडली, "ह्याच रविवारी!"