वरच्या बाणाचं बटण

हितेंद्र आमच्याकडे यायचाच नव्हता. लालबागच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानातून त्याला पाठवलं होतं बाजूच्या टॉवरच्या सोसायटी ऑफिसात, आणि साहेब शिरले आमच्या. मी चहा घेऊन येते तर माझ्या खुर्चीत एक अनोळखी मुलगा, आणि माझा कॉम्प्युटर दुरुस्त होतोय!

"विंडोज ना?" त्याने मान वर न करता विचारलं.

"हो," मी ठोकून दिलं.

त्याने काळी स्क्रीन उघडून uname टाईप केलं. खाली उमटलं, Linux.

"ही लिनक्स आहे, मॅडम."

"मॅडम नको, अक्षदा. आणि तुझं ऑफिस बाजूच्या टॉवरमध्ये आहे."

तो कानापर्यंत लाल झाला. मला तिथेच आवडला. तरी आमचा रखडलेला प्रिंटर त्याने चालू करून दिला, नंबर दिला. "पुढच्या वेळी ही कमांड मारून मला फोन कर. सिस्टिम कळली की फोनवरच सांगेन, यायची गरज नाही."

यायची गरज नाही म्हणे! मला रागच आला. तो दारापर्यंत गेला, परत फिरला, माझ्या कॉम्प्युटरवर उभ्या उभ्या काहीतरी खटखट टाईप केलं आणि निघाला.

दुसऱ्या दिवशी प्रिंटर पुन्हा ठप्प. मी uname मारलं, Linux वाचलं, स्क्रीन बंद केली आणि फोन लावला.

"सिस्टिम कुठली?"

"कमांड जमतच नाही रे... तूच ये ना."

"येतो. पण सोमवारपासून मी अँटॉप हिलच्या दुकानात. मग तुमच्याकडे दुकानातला जेरी येईल."

आज बोलले नाही, तर हा गेलाच.

तो आला. काळी स्क्रीन उघडून सवयीने वरच्या बाणाचं बटण दाबलं. ते बटण दाबलं की आधी मारलेल्या कमांड परत दिसतात, शेवटची सगळ्यात आधी, हे मला कुठे ठाऊक? समोर आलं, माझं मघाचं uname.

"जमत नव्हतं ना?" तो हसला.

"मग काय करू? तू येणार नव्हतास!"

आणखी काय काय उरतं इथे, म्हणून मी तेच बटण पुन्हा दाबायला गेले. त्याने माझं मनगट धरलं. "अगं, नको—"

उशीर झाला होता. cupsdisable, आणि पुढे आमच्या प्रिंटरचं नाव.

"काल जाताना तूच बंद केलास?"

"'यायची गरज नाही' बोलून गेलो आणि लगेच पस्तावलो." त्याचे कान पुन्हा लाल. "मला परत यायचं होतं, अक्षदा. तू आवडलीस. सरळ सांगायची हिंमत नव्हती."

मनगट अजून त्याच्या हातात होतं. मी सोडवून घेतलं नाही.

"रविवारी चहाला ये," मी म्हटलं. "आता त्यासाठी काही बिघडवायची गरज नाही."