अकरा मिनिटं गेली कुठे?

"अरे, एवढ्यात परत? अजून अकरा मिनिटं उरलीत तुमची!" भाड्याने सायकली देणारे काका म्हणाले. त्यांच्याकडे अर्धा तास म्हणजे अर्धा तास. एक मिनिट जास्त नाही, एक मिनिट कमी नाही!

"असं कसं?" ढोल्या चक्रावला. "समोरच्या कारखान्यात जेवणाची अर्ध्या तासाची सुट्टी झाल्याचा भोंगा वाजला तेव्हा सायकल घेतली, सुट्टी संपल्याचा वाजला तेव्हा आणली!"

त्याच्या मागे बसलेल्या चिमणीने वळून कारखान्याकडे पाहिलं. त्या खोक्यांच्या कारखान्यात तिची आई आणि मावशी कामाला होत्या. कामगारांनी घड्याळं, फोन फाटकावर ठेवूनच आत जायचं. आत वेळ म्हणजे मुकादमाच्या ताब्यातलं भिंतीवरचं घड्याळ. गेल्याच आठवड्यात पुठ्ठा कापताना मावशीच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली होती. "बाई पेंगत होती! अर्धा तास विश्रांती देतो, तरी यांचं रडगाणं आहेच," असं मुकादम सगळ्यांना सांगत सुटला होता. उद्या चौकशीला कारखान्याचे मोठे साहेब येणार होते. दोष मावशीवर आला की तिची नोकरीही जाणार.

"चोर आहे तो मुकादम! सुट्टीतली अकरा मिनिटं खातो!" ढोल्या ओरडला. "पण आपल्यासारख्या पोरांवर विश्वास कोण ठेवणार?"

"आपल्यावर नको. साहेबांच्या स्वतःच्या घड्याळावर ठेवतील ना!" चिमणी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. एक वाजता भोंगा झाला, तशी आईचा डबा घेऊन चिमणी आत शिरली. बायका भराभर घास कोंबत होत्या. कोणी कोणाशी बोलत नव्हतं. चिमणीला ते बघवेना. डबे पुरते संपलेही नव्हते, तोच पुन्हा भोंगा!

चिमणी धावत साहेबांसमोर उभी राहिली. "काका, किती वाजले हो?"

"एक वाजून एकोणीस," मनगटाकडे बघत साहेब म्हणाले.

"मग सुट्टी कशी संपली?"

"ए कार्टे, चल निघ इथून!" मुकादम खेकसला.

पण साहेबांची नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली होती. तिथे बरोबर दीड वाजला होता! मुकादम घाईघाईने घड्याळाकडे धावला. रोज दुपारी तो काटा पुढे ढकलायचा आणि संध्याकाळपर्यंत गुपचूप मागे आणायचा.

"बाई पेंगली नाही. तुम्ही तिला दमवलंत," साहेब कडाडले. मुकादमाला त्याच दिवशी घरी बसवलं, मावशीची नोकरी वाचली. साहेबांनी चिमणीला आणि फाटकाबाहेर थांबलेल्या ढोल्याला जवळ बोलावून शाबासकी दिली.

संध्याकाळी चिमणी उड्या मारतच मावशीकडे गेली. "शाब्बास गं माझी वाघीण!" म्हणत मावशीने तिच्या पाठीवर थाप मारली. सवयीने उजव्याच हाताने मारली, आणि कळवळून हात पोटाशी धरला.

चिमणीला एकदम रडूच कोसळलं.