वर्दी, गळ्यापर्यंत

पूर्णिमा माझी मावसबहीण. रसायनशास्त्रात एम.एस्सी. आहे. आकड्यांच्या बाबतीत ती कधी खोटं बोलत नाही. बाकी बाबतीत एकदाच बोलली, आणि ही हकीकत त्या एका खोट्याचीच आहे.

भुताखेतांवर तिचा विश्वास नव्हता. आता आहे, असंही ती म्हणत नाही. तिच्याकडे एक वही आहे आणि वहीत वजनं लिहिलेली आहेत. मी ती वही पाहिली आहे. ज्याला हे रचलेलं वाटेल त्याने खुशाल तसं समजावं.

यंदाचा मार्च. कोल्हापूरच्या बाहेर, औद्योगिक वसाहतीतली एक पत्र्याची शेड. आणि वेळ रात्रीची नव्हती.

मंगळवार. सकाळचे पावणेआठ. लख्ख ऊन.

त्या शेडमध्ये पुतळे तयार होतात. देवाचे नव्हे, टीव्हीवरच्या मालिकांमधल्या माणसांचे. एक फूट उंचीचे, रेझिनचे, पायाखाली नंबर कोरलेले. हौशी लोक ते विकत घेऊन काचेच्या पेटीत ठेवतात. शेडचे मालक उदयसिंह. पूर्णिमा तिथे रेझिन मिसळायची, रंगछटा ठरवायची आणि प्रत्येक नग तोलून वहीत लिहायची. आत बुडबुडा राहिला की वजन कमी भरतं, म्हणून.

फेब्रुवारीत फौजदार शालनचं काम आलं.

ती मालिका तुमच्याही घरी लागत असेल. नाव घेत नाही. वारणानगरला पूर्णिमाची आई जेवणाचं ताट मांडीवर घेऊन ती बघायची. शालनच्या शर्टाचं अगदी वरचं बटणसुद्धा लावलेलं असतं. केस घट्ट बांधलेले. एका भागात तिच्या मांडीत गोळी घुसते, आणि दुसऱ्या दिवशी ती लंगडत ठाण्यात हजर होते. त्या रात्री पूर्णिमाच्या आईने ताट तसंच बाजूला सारलं होतं.

आणि पुतळा?

शर्टाची चार बटणं उघडी. गोळी लागली तिथे पँट फाटलेली, पण जखम नाही. नुसती गुळगुळीत मांडी. ओठ अर्धवट उघडे, दोन्ही हात कमरेवर. कंबर अशी पिळलेली की छाती आणि नितंब एकाच बाजूने दिसावेत.

पूर्णिमाने माप घेतलं. पाच फूट सहा इंचांच्या बाईला ते लावलं, तर कंबर साडेसोळा इंच होत होती. एवढ्या कमरेत यकृत मावत नाही. पाठ तशी वळवायची तर मणका मोडावा लागतो.

शेजारच्याच फळीवर त्याच मालिकेतल्या खलनायकाचा पुतळा होता. त्याचं सुटलेलं पोट, डोळ्यांखालच्या पिशव्या, हातावरचा व्रण, सगळं जसंच्या तसं. त्याला माणूस म्हणून घडवलं होतं.

तिने उदयसिंहांना विचारलं. ते हसले.

"मॅडम, लोक फौजदार घेत न्हाईत. बाई घेत्यात."

मग त्यांनी छातीवर घामासारखी ओलसर चमक मागितली. रसायन तुमच्याकडं लागलं, म्हणाले. पूर्णिमाने ती करून दिली. प्रमाण वहीत लिहिलं. घरी जाऊन दोनदा हात धुतले, तरी तिला त्या हातांनी भाकरी मोडवेना.

अडचण राहिली डोळ्यांची. छापील डोळे चिकटवले तर पुतळा मेलेला दिसायचा. उदयसिंहांना डोळे जिवंत हवे होते. त्यांना बयाबाई आठवल्या.

बयाबाई कुंभार गल्लीत राहतात. वय सत्तरीच्या पुढे. गेली पन्नास वर्षं गौरीच्या मुखवट्यांचे डोळे त्या आखतात. एका दमात बुबुळ, एका दमात पापणी. त्यांनी डोळे उघडलेली गौर तुम्ही जिकडे जाल तिकडे बघते, असं गल्लीत म्हणतात. रसायनाच्या वासाने त्यांना धाप लागते, म्हणून त्या शेडमध्ये येऊ शकत नव्हत्या. तेव्हा पूर्णिमाच एकावन्न डोकी अंड्यांच्या ट्रेमध्ये भरून त्यांच्या घरी गेली.

नुसती डोकी. धडं शेडमध्ये.

बयाबाईंनी कुंचला भिजवला. एक डोकं तळहातावर घेतलं. आणि थांबल्या.

"पोरी, हिच्या अंगावर काय हाय?"

पूर्णिमाला वाटलं, रंग जुळवायला विचारत असतील. पण बयाबाईंनी सांगितलं ते वेगळंच होतं. गौरीला आधी साडी नेसवायची, मग डोळे. त्यांच्या सासूनं घालून दिलेला नेम होता तो.

"आंग झाकल्याबिगार डोळं उघडायचं न्हाईत. डोळं उघडलं की बाई पयल्यांदा सोताकडंच बघती."

पूर्णिमाच्या डोळ्यांपुढे ती धडं आली. आपण केलेली चमक आली. खरं सांगायची तिला लाज वाटली. दुसरं काही नाही, नुसती लाज.

"वर्दी आहे, आजी. गळ्यापर्यंत," ती म्हणाली.

बयाबाईंनी मान हलवली आणि डोळे आखायला घेतले.

शनिवारी दुपारी डोकी धडांवर बसवली. मानेत चौकोनी खुंटी, धडात चौकोनी खाच. डोकं फिरू नये, झुकू नये, म्हणून. वरून पक्का चिकटा. रंगकाम करणारे तोहिदभाई आणि पूर्णिमा, दोघांनी मिळून एकेक डोकं ताठ आहे का ते तपासलं. एकावन्नच्या एकावन्न समोर बघत होती. एक नंबरचा पुतळा उदयसिंहांनी त्याच संध्याकाळी पुण्याच्या एका संग्राहकाकडे रवाना केला. उरलेले पन्नास काचेच्या कपाटात ठेवून कुलूप लावलं.

रविवारी सुट्टी. सोमवारी वसाहतीची वीज बंद, म्हणून शेडही बंद.

आणि मंगळवारी सकाळी पूर्णिमाने शटर वर केलं…

पन्नास माना खाली झुकल्या होत्या.

पन्नासही शालन स्वतःच्या उघड्या छातीकडे बघत होत्या.

कुलूप जसंच्या तसं. पूर्णिमाने आधी कपाटातला तापमापक बघितला. दोन दिवसांतलं सर्वांत जास्त तापमान एकतीस अंश. ते रेझिन साठच्या आत मऊ पडत नाही. तिने एका मानेचा सांधा भिंगाखाली धरला. तडा नव्हता. चिकटा अखंड होता.

जणू पुतळा मुळात तसाच ओतला होता.

उदयसिंह आले आणि उन्हाच्या नावाने खडे फोडू लागले. गरम हवेने माना शेकून सरळ करा, असं तोहिदभाईंना फर्मावून ते निघून गेले. तोहिदभाईंनी सतरा नंबर घेतला, शेकला, हलकेच मान वर केली. थंड होईपर्यंत धरून ठेवला. मग टेबलावर उभा करून चहाचा कप उचलायला वळले.

परत बघितलं…

मान खाली होती.

तोहिदभाईंनी मशीन बंद केलं. वायर नीट गुंडाळली.

"मॅडम, हिला काय बघायचं ते बघू दे," एवढंच म्हणाले. आणि सतरा नंबर कपाटात ठेवून नमाजाला गेले.

दुपारी एकच्या सुमारास लाईट गेली. पंखे थांबले. वाफा ओढणारा मोठा पंखा थांबला. शेड एकदम गप्प झाली.

आणि त्या शांततेत…

खर्र.

पूर्णिमाला वाटलं, उंदीर.

खर्र… खर्र…

आवाज कपाटातून येत होता. ती जवळ गेली. थांबला. चार पावलं मागे आली. पुन्हा सुरू. एक नव्हता तो आवाज. खूप होते, बारीक, एका लयीत. खरजेला नखं लावावीत तसे.

तिने दार उघडलं.

कमरेवर ठेवलेले हात आता कमरेवर नव्हते.

प्रत्येकीची दोन्ही हातांची बोटं स्वतःच्या छातीत रुतली होती. रेझिन खरवडून निघालं होतं. चमक गेली होती. जिथे उभार होते तिथे ओरखड्यांनी भरलेले सपाट खड्डे होते. बोटांची टोकं झिजून आतली तार बाहेर आली होती. आणि प्रत्येकीच्या पायाशी पुडीचा छोटा ढीग. थोडे खाकी कण, बाकी सगळी गव्हाळ. ती छटा पूर्णिमानेच मिसळली होती.

तिने कपाटाचं दार लोटलं. बाहेर जाऊन नळाखाली तोंड धुतलं. मग परत आली आणि तिला येतं ते केलं.

तोललं.

सतरा नंबर. वहीत चारशे बारा ग्रॅम. आता तीनशे त्र्याण्णव. पायाशी पूड, एकोणीस.

बेरीज बरोबर.

पन्नासही तोलले. प्रत्येकीने एकोणीस ग्रॅमच काढून टाकलं होतं. एक जास्त नाही, एक कमी नाही. पूर्णिमाने तेही जिवंत बाईच्या मापात मोजून बघितलं. तीन किलोच्या वर भरत होतं. एवढं ओझं त्यांच्या अंगावर आपण लादलं होतं, आणि त्यांनी ते नखांनी उतरवलं होतं.

ती तशीच कुंभार गल्लीत गेली.

बयाबाई डोळ्यांवर ओलं फडकं धरून बसल्या होत्या. शनिवारपासून दोन्ही डोळ्यांत कच गेल्यासारखं होतंय, म्हणाल्या. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी डोळे धुऊन दिले, घासकाम करता का, असं विचारलं. सकाळी उठलं की पुन्हा पापण्या चिकटलेल्या.

पूर्णिमाने फडकं उचललं. पापणीच्या कडेला पूड होती.

गव्हाळ.

"तवा मी तुला इच्यारलं हुतं," बयाबाई म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "आता खरं सांग. अंगावर काय हाय?"

पूर्णिमाने सगळं सांगितलं. बटणं, मांडी, कंबर, चमक. बयाबाई ऐकत राहिल्या. मध्येच त्यांनी तोंडावर पदर घेतला. शेवटी उठल्या, चाचपडत ट्रंक उघडली आणि एक जुनं लुगडं बाहेर काढलं. धुऊन धुऊन मऊ झालेलं.

"झाक त्यास्नी. एक सुदिक उघडी ठिऊ नगंस. भादव्यात गौरी यायच्यात, मला डोळं पायजेत."

पूर्णिमाने लुगड्याच्या एकावन्न पट्ट्या फाडल्या. संध्याकाळी शेडमध्ये बसून पन्नास बायकांना गळ्यापासून पावलापर्यंत गुंडाळलं. झिजलेली बोटं आत घेतली. उदयसिंह ओरडत होते, मग कपाटाकडे बघून ओरडायचे थांबले. ते पुतळे पुढे विकले गेले नाहीत. पूर्णिमानेही ती नोकरी सोडली.

बुधवारी सकाळी बयाबाईंचा उजवा डोळा निवळला.

डावा नाही.

एक पट्टी उरली होती. एक नंबर पुण्यात होता.

पूर्णिमाने त्या संग्राहकाला फोन केला. माणूस सभ्य, बोलणं गोड. होय, मान जराशी झुकली आहे म्हणाला, त्यामुळे उलट लाजरी दिसते. छातीवर थोडे ओरखडे पडताहेत. पूर्णिमाने विचारलं, पेटीत पूड साठते का?

अजिबात नाही, म्हणाला. पेटी स्वच्छ आहे.

तिने पुतळा परत मागितला. तो देईना. निदान कापड पाठवते, तेवढं गुंडाळा, असं विनवलं. तो मोकळेपणी हसला.

"अहो ताई, झाकायचीच असती तर घेतली कशाला असती?"

तेव्हापासून पूर्णिमा रोज सकाळी कुंभार गल्लीत जायची. ओल्या कापसाने बयाबाईंच्या डाव्या डोळ्यातली पूड टिपायची, वाळवायची, तोलायची. कधी अर्धा ग्रॅम, कधी पाव. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर बुबुळावर फूल पडेल. बयाबाई एका डोळ्याने मुखवटे आखून बघत होत्या. रेघ तिरकी जायची. पुसायच्या, पुन्हा आखायच्या, पुन्हा तिरकी.

मागच्या रविवारी वहीतली बेरीज एकोणीस झाली.

सोमवारी कापूस कोरडा निघाला.

डोळा स्वच्छ होता. बयाबाईंनी मुखवटा मांडीवर घेतला आणि एका दमात पापणी ओढली. सरळ. पूर्णिमाला रडू आलं. बयाबाईंनी मात्र कुंचला खाली ठेवला.

"ती एक ऱ्हायली हुती. तिला झाकलं का कुणी?"

पूर्णिमा या वेळी खरं बोलली.

"नाही, आजी."

बयाबाईंनी मुखवटा मांडीवरून उतरवून ठेवला.

"मग तिचं सोताकडं बगून झालं म्हणायचं."

पूर्णिमा रिक्षात बसली आणि फोन वाजला. पुण्याहून निरोप होता. तिने तो मला दाखवला आहे. लिहिलं होतं, मान आपोआप वर आली, कमाल आहे तुमच्या कामाची. खोलीत कुठेही बसलं तरी ती माझ्याकडेच बघते. फक्त एक विचारायचं होतं. तुम्ही यात कुठलं रसायन वापरता? आज सकाळपासून माझ्या दोन्ही डोळ्यांत काहीतरी खुपतंय…

या गोष्टीला आज चार दिवस झाले. पूर्णिमाने उत्तर दिलेलं नाही. पट्टी अजून तिच्या पर्समध्ये आहे, घडी घालून.

मी तिला म्हटलं, काही झालं तरी पाठवून दे, माणूस आहे तो.

ती म्हणाली, पाठवीन. पण झाकणार तोच ना?

 काल त्याचा आणखी एक निरोप आला. शब्द एकमेकांत घुसलेले होते, अक्षरं चुकलेली. न बघता टाइप केल्यासारखी.